रविवारचं धुणं

बाप्तिस्म्याचं पाणी बाळाच्या कपाळावर नीट वाळलंही नव्हतं, आणि भांडण घरात शिरायला वाट शोधू लागलं होतं. निदान बाळाच्या आईला, नेस्टला तरी तसं वाटत होतं. चॅपेलमधून परत येताना वॉटकिनकाका गाडीत एक अक्षर बोलले नव्हते. ज्या माणसाचा जन्म कोळशाच्या खोऱ्यातल्या दुकानात उभं राहून बोलण्यात गेला तो गप्प बसला, की समजावं, पोटात काहीतरी आहे. शिवाय मांडीवर ते तपकिरी कागदाचं पुडकं. प्रार्थना चालू असतानाही त्यांनी ते बाकावर शेजारीच ठेवलं होतं, जणू तेच मूल बाप्तिस्म्याला आणलं होतं.

फेलिन वेन गिरणीच्या घरात लांब टेबलावर आता थंड हॅम होतं, मनुकांचा पाव होता, लोणी होतं. सगळं शनिवारीच करून ठेवलेलं, कारण रविवारी या घरात चुलीवर चहाच्या किटलीखेरीज काही चढत नसे. शिवण नाही, विणकाम नाही, धुणं तर नाहीच नाही. गिरणीचं पाणचक्रही त्या दिवशी साखळीने बांधून ठेवत. थोरले एनॉक हयात असताना म्हणायचे, ओढ्यालासुद्धा आठवड्यातून एकदा देव आठवू द्या.

एनॉक जाऊन दोन हिवाळे झाले होते. त्यांच्या खुर्चीवर आता त्यांची बायको लेइसा बसायची, काळ्या फलालिनीची, मऊ लोकरी कापडाची शाल खांद्यावर घट्ट ओढून. तिच्या उजव्या हाताला थोरला मुलगा गेथिन. ऑर्डरी आणणं, इंग्रज व्यापाऱ्यांशी गोड बोलणं, चॅपेलमध्ये पुढच्या बाकावर बसणं, ही सगळी कामं त्याची. डाव्या हाताला मोरविद, बिनलग्नाची मुलगी, मागांवरची राणी. आणि पार खाली, दाराजवळ, धाकटा इथेल आणि त्याची बायको नेस्ट. घरात कुणाचं काय वजन आहे हे ओळखायला दुसरं काही बघावं लागत नव्हतं, बसण्याची जागा बघितली की पुरे.

इथेलला घरात फलालीन म्हणत. आमच्या खोऱ्यात मऊ, कणा नसलेल्या माणसाला हेच नाव. आमची गंमतच आहे. पोर जन्मलं की त्याच्या पोटावर फलालीन बांधायची, खोकला झाला की छातीवर तांबडी फलालीन गुंडाळायची, म्हाताऱ्याच्या गुडघ्याला फलालीन, बायांच्या परकराला फलालीन, तोंड पुसायलाही तिचाच तुकडा. आणि कुणाचा पाणउतारा करायचा झाला तरी तिचंच नाव घ्यायचं. जिच्यावर जगतो तिचीच शिवी करायची, हे आम्हालाच जमतं.

"काका, हॅम घ्या ना," मोरविद म्हणाली.

"घेतो. आधी हे घेतो," म्हणून वॉटकिनकाकांनी पुडक्याची दोरी सोडली.

आतून सदरा निघाला. राखाडी पट्ट्यांचा, फेलिन वेनच्या फलालिनीचा, खाणीत घालतात तसला. काकांनी तो उठून गेथिनच्या पाठीला लावला. खांदे खांद्यांना पुरेनात. बाह्या कोपरापाशीच संपल्या.

"हा कुणा पोराचा आहे?" गेथिनने हसून विचारलं.

"मेशाकचा आहे. माझ्या गल्लीत राहतो. दारातून तिरका होऊन शिरतो, एवढा माणूस आहे. गेल्या महिन्यात घेतला तेव्हा बाही मनगटावर होती. एका धुण्यात ही अशी झाली."

"बायका उकळत असतील."

"कुणी उकळत नाही!" नेस्टच्या तोंडून निघून गेलं. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. तिने बाळाला उगाच या हातावरून त्या हातावर घेतलं. "माझी आई जन्मभर खाणीतल्या पुरुषांचे सदरे धुवत आली. फलालिनीला हाताला सोसेल एवढंच गरम पाणी लागतं. तिथं लहान पोरीलासुद्धा कळतं ते."

"सूनबाईंना कोळशातलं बरंच कळतं," गेथिन म्हणाला.

"बरोबर बोलतेय ती," काका म्हणाले. "आणि एकच सदरा नाही, गेथिन. शनिवारी माझ्या दुकानात ढीग पडला. बायका भांडल्या असत्या तर मी भांडलो असतो. त्या हसत होत्या. म्हणाल्या, वॉटकिन, हे तुझ्या भावाच्या गिरणीचं कापड का, मग बाहुल्यांना पण सदरे शिव." त्यांनी सदरा टेबलावर टाकला. "एनॉकचं नाव घेऊन हसत होत्या. मला सांगा, कापड चौकटीवर कुणी ओढलं?"

गिरणीतल्या माणसांना याहून जास्त सांगावं लागत नाही. धुऊन, कुटून, जड झालेली ओली फलालीन मागच्या उतारावरच्या लांब लाकडी चौकटीवर वाळत घालतात. वर आकडे, खाली आकडे. खालची दांडी हँडलने सरकते. कापड सुरकुतू नये एवढंच हँडल फिरवायचं, की थांबायचं. पण अजून फिरवलं, तर ओलं कापड बिचारं ओढेल तेवढं येतं. थान लांबतं, रुंदावतं, वाळून तसंच राहतं, आणि गिऱ्हाइकाच्या घरी पहिलं पाणी लागलं की आपल्या मूळ मापावर परत येतं. एनॉक म्हणायचे, ओढलेलं कापड म्हणजे खोटी साक्ष. लगेच पकडली जात नाही, एवढंच.

नेस्टला बसवेना. तिचे डोळे पुन्हा पुन्हा चुलीशेजारच्या खिळ्याकडे जात होते. चौकटीचं लोखंडी हँडल तिथं टांगलेलं होतं. एनॉकच्या वेळी ते उतारावरच्या शेडमध्ये असायचं. या वसंतात ते स्वयंपाकघरात आलं. सकाळी लेइसा ते इथेलच्या हातात द्यायची, किती फिरवायचं ते सांगायची, आणि संध्याकाळी परत घ्यायची. लढाई संपली, पलटणींची फलालीन बंद झाली, खोऱ्यातल्या गिरण्या एकामागून एक मुक्या झाल्या, तेव्हापासूनचं हे. इथेलने हे नेस्टला एकदाच सांगितलं होतं, तिच्याकडे पाठ करून. वर म्हणाला होता, "आईला लाज वाटतच असेल, आपण आणखी कशाला."

"माझं ऐक, वॉटकिन," लेइसा आता बोलली. तिचा आवाज कधी चढत नसे. "उन्हाळ्याचं सगळं कापड खोटं असतं, तर त्यातलंच मी माझ्या नातवाला गुंडाळलं असतं? ती शाल बघ. उन्हाळ्यातल्याच थानाची आहे. मी हाताने कापली, चारी बाजूंनी दशा सोडल्या. आख्ख्या चॅपेलने आज बघितली."

सगळ्यांनी शालीकडे बघितलं. पांढरी, जाड, उबदार शाल. नेस्टने ती आपल्याकडे पोरं घेतात तशी स्वतःभोवती आणि बाळाभोवती वळवून कमरेशी खोचली होती, दोन्ही हात मोकळे. लेइसाने ती दिली तेव्हा नेस्टला रडू आलं होतं. लग्नानंतर सासूने तिला दिलेली ती पहिलीच वस्तू.

काका जरा नरमले. "मग हा सदरा?"

"एखाद-दुसरं थान बिघडलं असेल," गेथिन म्हणाला. त्याने पावाला लोणी लावायला घेतलं. "चौकट इथेलकडे असते. तो काही मुद्दाम करायचा नाही. पण लक्ष कुठे असतं त्याचं? फिरवत बसला असेल, बघत बसला असेल कावळे."

"दादा, इथेल असं करणार नाही," मोरविद म्हणाली. "चौकटीवर तो बाबांच्या हाताखाली शिकलाय."

"मग कापड तुझ्या मागावर आटलं म्हणायचं का? बोल, तसं सांगू काकांना? ते दुसऱ्या गिरणीकडे जातील, आणि तू बस माग पुसत."

मोरविदने हॅमची थाळी सरळ होती ती आणखी सरळ केली. नेस्टने मनात म्हटलं, गेली, ही पण गेली.

"मला भांडण नको," वॉटकिनकाका म्हणाले. "पण रिकाम्या हाताने परत गेलो, तर मला त्या बायकांपुढे उभं राहता यायचं नाही. ज्याने चौकट बिघडवली तो गिरणीतून गेला, एवढं मला सांगता आलं पाहिजे. नाहीतर फेलिन वेनचं कापड माझ्या दुकानात नको. इथेल, तू ओढलंस?"

इथेलने मान वर केली. टेबलाखाली त्याने नेस्टचा गुडघा दाबला. तू बोलू नको, असा त्याचा अर्थ.

"हँडल मीच फिरवतो, काका," तो म्हणाला.

"बघा!" गेथिन म्हणाला.

नेस्टने सासूकडे बघितलं. आता तरी बोलेल. लेइसाने कपाची बशी बोटाने फिरवली, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. मग हळूच म्हणाली, "वॉटकिन, तुझी तिकडे ओळख आहे. खाणीत लावून दे त्याला. वरच्या कामावर बघ, जमलं तर."

"वरची कामं म्हाताऱ्यांना देतात, वहिनी. त्याला खालीच जावं लागेल."

नेस्टच्या बापाला खाणीतून वर आणलं, तेव्हा चेहरा बघू दिला नव्हता कुणी. सदरा बघून आईने ओळखलं होतं. राखाडी पट्ट्यांची फलालीन, डाव्या खांद्याला आईचंच ठिगळ. त्या दिवसापासून नेस्टने एकच गोष्ट मागितली होती देवाकडे, की आपला माणूस उजेडात काम करणारा असावा. म्हणून तर उतारावर, उन्हावाऱ्यात कापड वाळवणारा हा मऊ माणूस तिने हट्टाने केला होता. आणि आता चहाचा दुसरा कप ओतायच्या आत त्याला जमिनीखाली धाडायचं ठरत होतं, आणि तो मेंढरासारखा मान हलवत होता.

तिला त्याचाही राग आला. सासूपेक्षा जास्त आला.

ती उठली. सांगून कुणाला पटणार होतं? कालची आलेली सून, कोळशातली. ज्याने साक्ष द्यायची तो नवराच गप्प. पण एक गोष्ट सासू स्वतःच्या तोंडाने बोलून बसली होती. शाल उन्हाळ्यातल्या थानाची. आणि उन्हाळ्यातलं एकही थान धड नव्हतं, हे इथेलने सांगितलं होतं. शाल आटली, की लेइसाचं पहिलंच वाक्य खोटं. मग हे एका कावळे बघणाऱ्याचं काम नाही, आख्ख्या घराचं आहे, हे आंधळ्यालाही दिसेल.

तिने कमरेची खोच सोडली, बाळ मोरविदच्या मांडीवर दिलं आणि शाल टेबलावर आडवी अंथरली. दोन्ही टोकं खालच्या बाकाला टेकली.

"आई, ही उन्हाळ्यातलीच ना?"

"एकदा सांगितलं ना."

"मग धुऊन बघू. काकांसमोर."

मोरविदने बाळाला छातीशी ओढलं.

"रविवारी?" गेथिन उभाच राहिला. "बाप्तिस्म्याच्या दिवशी? या घरात?"

"पोरी, खाली बस," लेइसा म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज जरा हलला. "देवाच्या दिवशी धुणं नको. उद्या काय ते बघू."

"उद्या काका नसतील."

नेस्टच्या आईच्या घरीही रविवारी कुणी रुमाल ओला केला नव्हता. तिने वॉटकिनकाकांकडे बघितलं. काका गाल खाजवत होते.

"बैल खड्ड्यात पडला, तर शब्बाथाच्या, देवाच्या दिवशीही काढावा, असं बायबलात लिहिलंय," ते शेवटी म्हणाले. "इथं आख्खी गिरणी पडलीय. धू."

तिने मोरीतलं घंगाळ ओढलं, किटली ओतली, थंड पाणी घातलं, कोपर बुडवून बघितलं. साबणाची वडी घेतली. शाल आत दाबली. इथेल जागेवरून म्हणाला, "नेस्ट, राहू दे." तिने ऐकलं नाही. ती चोळत राहिली, उलटी केली, पुन्हा चोळली. पाणी गढूळ झालं. मग ती पिळायला मोरविदला एक टोक हवं होतं, म्हणून बाळ इथेलकडे गेलं, आणि दोघींनी मिळून शाल पिळली. ती ओली शाल नेस्टने टेबलावर टाकली आणि पसरली.

दोन्ही टोकं खालच्या बाकाला टेकली. पहिल्यासारखीच.

तिने शाल झटकून पुन्हा अंथरली. तीच लांबी. एका बोटाचाही फरक नाही.

गेथिन मोठ्याने हसला. "झालं समाधान? देवाचा दिवस मोडलास, सासूला खोटं पाडायला निघालीस, आणि कापड खणखणीत निघालं! काका, बघितलं ना? इथेलची दोन-चार थानं सोडली, तर आमचं कापड हे असं आहे."

आपल्याच हाताने आपण नवऱ्याला खड्ड्यात ढकललं, एवढंच नेस्टला कळत होतं. इथेल बाळाला छातीशी धरून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच तिला सोसवेना.

मोरविदच्या हातात शालीचं टोक अजून होतं. ती ते बोटांत घोळवत होती, जशी ती मागावरून उतरलेलं कुठलंही कापड घोळवायची, सवयीने.

"पण हे माझं नाहीच," ती म्हणाली.

"काय तुझं नाही?" गेथिन म्हणाला.

"कापड. उन्हाळ्याचं सगळं मी विणलं. हे मी विणलेलं नाही. कोरडं असताना कळलं नाही मला, ओलं झाल्यावर बघ ना, या बाजूला बाणा घट्ट बसलाय, त्या बाजूला सैल. बाबांचा डावा पाय अधू होता, त्यांची अशीच ठोक पडायची. हे बाबांचं..." आणि तिथं तिला कळलं, आपण काय बोललो. तिने आईकडे बघितलं आणि टोक हातातून सोडून दिलं.

वॉटकिनकाका उठून आले. त्यांनी ओल्या कापडावरून तळवा फिरवला. भावाचं कापड. त्यांचे डोळे भरले, ते त्यांनी लपवले नाहीत.

"एनॉकचं शेवटचं थान," ते म्हणाले. "वहिनी, हे तुमच्या पेटीत होतं."

लेइसाने काळी शाल खांद्यांवर आणखी ओढून घेतली.

"नातवाला हे दिलंत, त्याबद्दल कोण काय म्हणणार? पण मग उन्हाळ्याचं आहे असं का सांगितलंत? आणि उन्हाळ्याचं कापड गिरणीत एवढं पडलेलं असताना, पोरासाठी पेटी का उघडलीत?"

गेथिनने लोण्याची सुरी खाली ठेवली. या घरातल्या सगळ्यांना उत्तर कळलं होतं. आता फक्त कुणीतरी बोलायचं बाकी होतं. आणि बोलला तो इथेल.

"काका, ओढलं मीच," तो म्हणाला. "सांगितलं कुणीही असेल, हात माझे होते. मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. आईला वाईट वाटेल, म्हणून म्हटलं नाही, आणि खाणीतल्या माणसांना आखूड सदरे घातले. खाणीत धाडा मला, पण ते सदरे आधी परत आणा. बाबांच्या मापाने नवं कापड वाळवून देतो, मग जातो."

एवढं सलग तो आयुष्यात बोलला नव्हता. बाळ जागं झालं आणि कुरकुरू लागलं.

लेइसा उठली. तिने चुलीशेजारच्या खिळ्यावरचं हँडल काढलं, ओली शाल काखेत घेतली आणि दार उघडलं.

"आई, कुठे निघालीस?" गेथिन धावला. "चॅपेलचं संडे स्कूल सुटेल आता! सगळं गाव त्या वाटेने खाली येतं!"

"येऊ दे," लेइसा म्हणाली. "वॉटकिन, कुणाला घालवायचं असेल, तर मला घालव. तुझ्या गिऱ्हाइकांना माझं नाव सांग. पोराला खाली धाडू नको."

काकांनी सदरा उचलून कागदात गुंडाळायला घेतला, पण दोरी त्यांच्याने बांधवेना.

उतारावर वारा होता. नेस्ट बाळाला घेऊन मागोमाग गेली, का गेली तिला सांगता आलं नसतं. चौकट रिकामी होती, आकडे ओले होते. सत्तरीला टेकलेली लेइसा चवड्यांवर उभी राहून वरच्या आकड्यांना शाल अडकवत होती. एक आकडा बोटात घुसला, तिने बोट तोंडात घातलं. मागून आलेला इथेल मदतीला पुढे झाला, तेव्हा तिने हँडल त्याच्या हातात दिलं.

"शेडमध्ये टांग. होतं तिथं."

तो गेला. खाली वाटेवर पहिल्या पोरांचा आवाज आला, मग बायकांचा, मग तो एकदम थांबला. रविवारी, भर दिवसा, फेलिन वेनच्या चौकटीवर धुणं होतं आणि गिरणीची मालकीण स्वतः ते घालत होती. नेस्टला वाटलं, जमीन दुभंगावी. लेइसाने वाटेकडे पाठ केली नाही. ती एकेक आकडा अडकवत राहिली.

"आई, माझं चुकलं," नेस्ट म्हणाली. "तुम्ही एवढ्या मायेने दिलेली शाल, आणि मी..."

"आखूड निघेल असं वाटलं ना तुला?"

"हो."

"निघालीच असती. आधी मी मोरविदच्याच थानाला कात्री लावायला घेतली होती." तिने शेवटचा आकडा अडकवला आणि कापडावरून हात फिरवला, कुठेही ताण नव्हता. "ते कापलं असतं, तर तू कितीही धुतलं असतंस, मला म्हणता आलं असतं, मलाही ठाऊक नव्हतं. वाचले असते. पण मनात आलं, पहिल्या पाण्यात आटेल, आणि थंडीत पोराचे पाय उघडे पडतील."

बाळाचे पाय खरोखरच उघडे होते. लेइसाने खांद्यावरची काळी शाल काढली, ती नेस्टच्या पाठीवरून बाळाभोवती वळवली आणि कमरेशी घट्ट खोचून दिली. मग ती नुसत्या झग्यावर वाऱ्यात उभी राहिली, वाटेवरचा शेवटचा माणूस जाईपर्यंत.